केरूला कोणी पकडेना

१२ फेब्रुवारी २००५, शनिवार

आजपासून मी टाइमकीपर राहिलो नाही. फार्मचे मॅनेजर कुमारसाहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "गुरुनाथ, आजसे गव्हर्नमेंट का सारा काम तुम देखोगे." इकामे म्हणजे इथे राहायचे परवाने, व्हिसे, पोलिसांची पत्रं, जवाझातचे म्हणजे इथल्या पासपोर्ट खात्याचे फॉर्म, सगळं आता माझ्याकडे. स्वतंत्र टेबल मिळालं, फिरती खुर्ची मिळाली आणि एक गोल रबरी शिक्का. खुर्चीला एक चाक नाही, पण भिंतीला टेकवली की नीट बसते.

ही डायरीही साहेबांनीच दिली. पशुखाद्याच्या कंपनीकडून आलेली आहे, प्रत्येक पानावर गाय. सरकारी कामातल्या माणसाने रोजचं लिहून ठेवावं, असं ते म्हणाले. कामाचं मी त्यांना रोज तोंडी सांगणारच आहे. इथे माझं स्वतःचं लिहीन.

देवरुखला बायकोला फोन लावला. अनिता म्हणाली, "म्हणजे आता रजा लवकर मिळेल का?" बायकांना पदाचं महत्त्व कळत नाही.

१६ फेब्रुवारी, बुधवार

कामाचा आवाका समजून घेतोय. आमचा डेअरी फार्म अल खर्जच्या पुढे दीड तासावर, सगळीकडे वाळू आणि मध्ये हिरवं गवत. बांधला तेव्हा कोणी नकाशा पाहिला नव्हता म्हणे, त्यामुळे दोन प्रांतांची हद्द आमच्या आवारातून जाते. फाटक, ऑफिस आणि आमचा कॅम्प या प्रांतात. गाई, दूध काढायच्या शेड आणि दुधाचे चिलर पलीकडच्या प्रांतात. मध्ये चुना फासलेला एक खांब आहे. सकाळी कामाला जाताना सगळे त्या खांबावरून दुसऱ्या प्रांतात जातात आणि जेवायला परत पहिल्या प्रांतात येतात.

गावातले पोलीस प्रांताच्या अमीरांच्या, म्हणजे राज्यपालांच्या, कचेरीखाली. जवाझात थेट राजधानीतून चालतं. कोणी काय करायचं हे पक्कं ठरलेलं आहे, असं कुमारसाहेब म्हणाले. अशी शिस्त आपल्याकडे असती तर!

१९ फेब्रुवारी, शनिवार

आमच्या खोलीत आम्ही तिघं. मी, जयगडचे नसरुद्दीनभाई आणि गुहागरकडचा केरू भुवड. नसरुद्दीनभाई दुधाचा टँकर चालवतात, वीस वर्षं इथे आहेत आणि कशावरच विश्वास ठेवत नाहीत. केरू चिलरचा मेकॅनिक. चिलर बिघडला की तो आधी त्याला कान लावतो, मग हात लावतो. त्याच्याशिवाय चिलर कोणालाच जमत नाही.

केरूजवळ इकामा नाही. नव्व्याण्णव साली पूर्वेकडे अबकैकला एका छोट्या ठेकेदाराकडे आला. ठेकेदाराने धंदा बंद केला, माणसांना वाऱ्यावर सोडलं आणि वर "पळून गेले" अशी तक्रारही टाकली. म्हणजे कफीलच्या, ज्याच्या नावावर व्हिसा असतो त्या मालकाच्या, कागदावर केरू फरारी. कुमारसाहेबांनी माणुसकीने इथे ठेवून घेतला. पाच वर्षं झाली. फाटकाबाहेर पाऊल नाही, रजा नाही. मुलगी अमिता तो इकडे आल्यावर चार महिन्यांनी झाली. त्याने तिला अजून पाहिलेलं नाही. येत्या जूनमध्ये ती पहिलीत जाणार.

आज दुपारी जेवताना केरू मला म्हणाला, "गुरुनाथ, तू आता सरकारी कामातला. माझं एक काम कर. मला पकडवून दे."

मला वाटलं चेष्टा करतोय.

"इकामा नाही म्हणजे मला विमानाचं तिकीट काढून जाता येत नाही. पकडला गेलो तर तरहीलमध्ये टाकतील, तिथून वकिलातीचा आउटपास, तिथून घर. दुसरी वाट नाही. लोक पकडू नये म्हणून धडपडतात, मला पकडायला सांग कोणाला तरी."

तरहील म्हणजे हद्दपार करायच्या माणसांना ठेवतात ते ठिकाण. मी म्हटलं, कायद्याने होत असेल तर नक्की करू. बेकायदा माणसाला कायद्याच्या हवाली करणं यापेक्षा सरळ काम सरकारी खात्यात कोणतं असणार?

संध्याकाळी कुमारसाहेबांना सांगितलं. ते खुर्चीतून उठले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बेचारा. ज़रूर करो. लेकिन हर कदम पहले मुझे बताना." एवढा मोठा माणूस, पण एका मेकॅनिकची केवढी काळजी.

२३ फेब्रुवारी, बुधवार

गावच्या ठाण्यात जाऊन आलो. हवालदार सालेह भेटले, पन्नाशीचे, गुडघेदुखीने हैराण. कडू कॉफी दिली, खजूर दिले. माझ्या मोडक्यातोडक्या अरबीत सगळं सांगितलं. ते म्हणाले, "स्वतःहून येतोय? मग माझे पायही दुखणार नाहीत. शनिवारी घेऊन ये."

इतकं सोपं! साहेबांना लगेच कळवलं.

२६ फेब्रुवारी, शनिवार

केरूने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. पत्र्याच्या पेटीत अमितासाठी घेतलेली खेळणी भरली. एक बाहुली तिच्या पहिल्या वाढदिवसाची, अजून कागदातच आहे. नसरुद्दीनभाईंनी टँकरमधून ठाण्यावर सोडलं.

हवालदार सालेह आज माझ्याकडे बघेनात. म्हणाले, "घेता येत नाही. राजधानीचं पत्र आहे. केवळ इकामा नाही म्हणून पोलिसांनी कोणाला धरायचं नाही. ते जवाझातचं काम."

"पण बुधवारी तर..."

"बुधवार वेगळा होता."

केरू पेटी घेऊन तसाच उभा. त्याने मला विचारलं, "काय म्हणतात?" मी म्हटलं, "म्हणतात, तू निर्दोष आहेस." त्याला आनंद झालेला दिसला नाही.

एका अर्थी बरंच झालं. परत आलो तर तीन नंबरचा चिलर बंद पडलेला. केरूने पेटी खाली ठेवली, इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि चार वाजता चालू करून दिला. साहेबांनी त्याच्यासाठी संत्र्यांची पेटी पाठवली.

५ मार्च, शनिवार

जवाझातच्या गावातल्या कचेरीत तीन तास. खिडकीवरचा तरुण कारकून सभ्य होता. म्हणाला, आम्ही पकडून आणलेली माणसं घेतो. चालत आलेला माणूस पकडलेला कसा? शिवाय याचा कफील पूर्वेकडचा, फाइल तिकडची.

मी म्हटलं, तो इथे राहतो.

"काम कुठे करतो?"

"चिलरवर."

"चिलर कुठे आहे?"

मी खरं तेच सांगितलं, खांबाच्या पलीकडे. तो म्हणाला, मग पलीकडच्यांकडे जा.

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पलीकडच्या कचेरीत ओळखीचे आहेत, मी आधी फोन करून ठेवतो, म्हणाले. अशा वेळी वरिष्ठांचा आधार वाटतो.

७ मार्च, सोमवार

पलीकडची कचेरी. तिथे आमची वाटच बघत होते. मी तोंड उघडायच्या आत तिथला अधिकारी म्हणाला, "फार्मचं फाटक तिकडच्या प्रांतात आहे. फाटकातून जो आत आला तो तिकडचा."

नसरुद्दीनभाई बाहेर टँकरमध्ये बसून होते. ऐकून म्हणाले, "म्हणजे केरू झोपतो एका राज्यात, राबतो दुसऱ्या राज्यात आणि चोर कुठल्याच राज्याचा नाही."

त्यांच्या बोलण्यात नेहमी खोच असते. मी त्यांना प्रांत आणि मध्यवर्ती सरकार यांच्यातली कामाची वाटणी समजावून सांगितली. ते झोपले.

१५ मार्च, मंगळवार

आशेची बातमी. अमीरांच्या कचेरीने मोहीम काढली आहे. पन्नास दिवसांत प्रांतातले सगळे बिनइकाम्याचे धरायचे, राजधानीची वाट बघायची नाही. मी लगेच ठाण्यावर. हवालदार सालेह यांनी टेबलावर दोन कागद ठेवले.

"हे अमीरांच्या कचेरीचं. म्हणतं, धरा. हे राजधानीचं. म्हणतं, तुम्ही धरायचं नाही. दोन्हींवर शिक्का आहे, दोन्हींवर सही आहे."

"मग तुम्ही काय करणार?"

त्यांनी दोन्ही कागद एकाच खणात ठेवले आणि खण लावून घेतला. "इन्शाल्ला," म्हणाले.

शिक्क्यांची गोलाई मात्र सुरेख होती. माझ्या शिक्क्याची एका बाजूने दबलेली आहे.

१८ मार्च, शुक्रवार

केरूच्या मनात आलं की ठाणी आणि कचेऱ्या सोडून द्यायच्या. हद्दीवरच्या रस्त्यावर चेकपोस्ट आहे. चालत तिथे जायचं, सैनिकासमोर उभं राहायचं. सहा किलोमीटर. सकाळी मी त्याला निरोप दिला. माझे डोळे भरून आले. साहेबांना काल संध्याकाळीच सांगून ठेवलं होतं, म्हणजे चिलरची व्यवस्था करता येईल.

साडेअकराला एका पिकअपमधून केरू परत. सैनिकांनी पाणी पाजलं, सावलीत बसवलं आणि गाडीतून फाटकापर्यंत आणून सोडलं. एकाने उतरताना हात धरला म्हणे.

केरू खाटेवर बसला. "मी नाव सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. "मी काहीच बोललो नव्हतो. तो सैनिक आपणहून म्हणाला, मुदीर कुमारचा माणूस ना? चल, सोडतो."

मी म्हटलं, "बघ, आपल्या मॅनेजरसाहेबांना किती लांबपर्यंत ओळखतात."

नसरुद्दीनभाई कांदा चिरत होते. सुरी थांबली. "गुरुनाथा, तू जायच्या आधी कोणाकोणाला सांगतोस रे?"

"कोणालाच नाही. फक्त साहेबांना."

त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग नसरुद्दीनभाई हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. कांद्याचं असेल. केरू हसला नाही. तोंड भिंतीकडे करून पडून राहिला.

२५ मार्च, शुक्रवार

हल्ली मी खोलीत शिरलो की दोघं बोलायचे थांबतात. ज्यांच्यासाठी एवढी धावपळ करतो त्यांनी असं वागावं! केरूने आज मला सांगितलं की घरी जायचा विचार त्याने सोडला. साहेबांना तसं कळवलं. त्यांनाही बरं वाटलं. "समझदार आदमी है," म्हणाले.

अनिताला फोनवर सांगितलं की ऑगस्टमध्ये रजा नक्की. साहेबांनी शब्द दिला आहे. मागच्या ऑगस्टलाही दिला होता, पण तेव्हा मी साधा टाइमकीपर होतो.

२ एप्रिल, शनिवार

सगळ्यांचे इकामे नूतनीकरणासाठी गोळा केले, एकूण चाळीस. माझाही. पाकिटात घालून अल खर्जला पाठवले. नियमाप्रमाणे प्रत्येकाला झेरॉक्स दिली आणि प्रत्येक झेरॉक्सवर माझा शिक्का मारला. लोक झेरॉक्स खिशात ठेवून कामाला गेले. माझ्या शिक्क्यावर चाळीस माणसं निर्धास्त फिरतायत, हा विचार सुखाचा आहे.

१० एप्रिल, रविवार

चार दिवस डायरी जवळ नव्हती. सगळं क्रमाने लिहितो.

बुधवारी, सहा तारखेला सकाळी दहाला फाटकाशी बस आली. मोहीम! पोलिसांची गाडी पुढे, जवाझातची मागे. दोन्ही खात्यांना काम एकमेकांवर सोडायचं नव्हतं म्हणून दोघंही आलेले. मी फाइल घेऊन स्वागताला धावलो. धावताना पाहिलं, साहेब घाईघाईने केरूला चाऱ्याच्या गोदामात नेत होते. बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

जवाझातच्या अधिकाऱ्याने सगळ्यात आधी मलाच विचारलं, "इकामा?"

मी झेरॉक्स दिली.

"ही मोहर कोणाची?"

"माझी."

"तू कोण?"

"इथे सरकारी काम बघतो."

त्याने पोलिसाकडे पाहिलं. "स्वतःच्या इकाम्याच्या झेरॉक्सवर स्वतःच शिक्का मारतो. घ्या याला." पोलीस म्हणाला, "आम्ही घ्यायचं की तुम्ही?" यावर दोघांचं पाच मिनिटं चाललं. शेवटी ठरलं की पोलीस धरतील आणि जवाझात लिहून घेईल. म्हणजे माझा एक दंड एकाने धरला, दुसरा दुसऱ्याने. माझ्यामागे फाटकाजवळचे आणखी अकरा जण, सगळे माझ्या शिक्क्याचे. मी वळून साहेबांना शोधलं. ते गोदामाच्या दाराला पाठ लावून उभे होते. तिथून हलले नाहीत.

ठाण्याची खोली बारा जणांना पुरेशी होती, पण इथे गुरुवार-शुक्रवार सुट्टी. कोणी येईना, जाईना. आमच्यातले दोघं माझ्याशी बोलत नव्हते. बाकीचे बोलत होते, ते न बोलते तर बरं होतं.

शनिवारी सकाळी दहाला हवालदार सालेह आले. दाराशी खुर्ची टाकली आणि गुडघा चोळत म्हणाले, "तुझ्या मुदीरचा फोन आला. तुझा मूळ इकामा माणसाबरोबर पाठवलाय. तू सुटलास."

"आणि बाकीचे?"

"त्यांचं मुदीर काही बोलला नाही. त्यांचे इकामे अजून अल खर्जला आहेत म्हणतो. आज तीनला बस जाणार तरहीलला, तिथे काय ते बघतील." मग माझ्याकडे बघत, मला बरं वाटावं म्हणून असेल, म्हणाले, "मुदीर आपल्या कामाच्या माणसांना विसरत नाही. त्या मिस्त्रीच्या वेळीही त्यानेच फोन केला होता."

"कसला फोन?"

"घेऊ नका म्हणून. मला केला. जवाझातला केला. पलीकडेही केला, चेकपोस्टवरही. तुला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. साहेबांनी चिलरच्या काळजीपोटी केलं असेल, असं मनात आलं. मग आठवलं, प्रत्येक वेळी कुठे जाणार, कधी जाणार, कोणाला भेटणार, हे त्यांना कोणी सांगितलं होतं? नसरुद्दीनभाई त्या दिवशी कांद्यामुळे रडत नव्हते.

मी विचारलं, "मग राजधानीचं ते पत्र?"

"पत्र खरंच आहे. पण फोन नसता तर तुझ्या मिस्त्रीला घेतला असता. पत्र मग शोधलं."

ते उठले आणि पुन्हा बसले. त्यांच्या चेहऱ्यावर अडचण होती. बुधवारीच अमीरांच्या कचेरीला आकडा कळवला होता, पकडलेले बारा. अमीरांच्या कचेरीने तो लगेच राजधानीला फॅक्स केला होता, आमच्या प्रांताने करून दाखवलं म्हणून. जवाझातनेही बाराच लिहिले होते. आता मी सुटल्यावर अकरा होणार होते. आणि एक माणूस कुठे गेला याचा खुलासा दोन्ही खात्यांना करावा लागणार होता.

"दोघं एकमेकांवर ढकलतील," हवालदार म्हणाले. "मध्ये मी."

मला माझंच बोलणं ऐकू आलं. "मी तुम्हाला एक माणूस देतो."

"कोण?"

"तोच."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "मुदीरचा फोन येईल."

मी म्हटलं, "फोन गावातला आहे. आकडा राजधानीत गेलाय."

हवालदार सालेह पहिल्यांदाच हसताना दिसले. "ठीक. तो तीनच्या आत आला तर तू जा. तोवर तू बारावा."

माझा इकामा घेऊन नसरुद्दीनभाई आले होते. गजांतून त्यांना सांगितलं. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "साहेबाला सांगितलंस?" मी मान हलवली, नाही. ते धावतच गेले, पंचावन्नाव्या वर्षी.

अकरा वाजल्यापासून अडीचपर्यंत नुसती वाट. बस येऊन अंगणात उभी राहिली. ड्रायव्हर टायर बघत होता. बाकीच्या अकरा जणांना रांगेत उभं केलं, मीही उभा राहिलो, बारावा. टँकर बंद पडला असेल तर? केरूला अजून गोदामातच कोंडून ठेवलं असेल तर? मला अनिताचा चेहरा आठवेना, याचीच भीती वाटायला लागली. बसच्या पायरीवर चौथा माणूस चढला. पाचवा चढला.

तीनला वीस मिनिटं कमी असताना टँकर आला. दूध भरलेला, कारण रिकामा टँकर फाटकाबाहेर सोडत नाहीत. केरू क्लीनरच्या जागेवरून उतरला. एप्रिलच्या उन्हात अंगात तीन शर्ट, एकावर एक. पेटी आणली असती तर फाटकावर कळलं असतं. खिसे फुगलेले होते आणि एका खिशातून बाहुलीचा पाय बाहेर आला होता.

हवालदार सालेह समोर गेले. "इकामा?"

"नाही," केरू म्हणाला.

"कोणी पाठवलं?"

"कोणी नाही. मी पळालो होतो, सापडलो."

"खलास." हवालदारांनी नोंद केली. हातकडीची गरज नाही म्हणाले, पण केरूनेच दोन्ही हात पुढे केले. पाच वर्षं वाट पाहिली होती, त्याला आता कसलीच शंका ठेवायची नव्हती. बसमध्ये चढताना माझ्याजवळ थांबला. मी माफी मागायला तोंड उघडलं. तो म्हणाला, "दोन नंबरच्या चिलरचा पट्टा गेलाय. सांग त्यांना. दूध नासेल उगाच." आणि चढला.

परत येताना नसरुद्दीनभाईंनी मला बिस्किटाचा पुडा दिला. तो सगळा मी एकट्याने खाल्ला.

११ एप्रिल, सोमवार

सकाळी साहेबांनी बोलावलं. दार लावून घेतलं.

"केरू कहाँ है?"

"पता नहीं, साहब."

"किसने बताया उनको?"

"पता नहीं, साहब."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली. मी त्यांना सगळं सांगतो हे त्यांना ठाऊक आहे, त्यामुळे जे मी सांगत नाही ते मला माहीतच नसणार, असं त्यांनी धरलं.

मग म्हणाले, केरू पळाल्याची तक्रार टाइप कर, पोलिसात द्यायची. मी टाइपरायटरवर कागद चढवला आणि विचारलं, इकामा नंबर काय घालू? कुठल्या कंपनीचा कामगार लिहू? कधीपासून कामाला? साहेबांनी कागद माझ्या हातातून काढून घेतला. जो माणूस कागदावर इथे कधी आलाच नाही, तो इथून पळून कसा जाणार?

त्या अकराजणांचे मूळ इकामे आणायला मी आजच अल खर्जला चाललो आहे. साहेबांना विचारलेलं नाही. उद्या सगळ्यांना तरहीलमधून सोडवून आणीन. शिक्का मी खणात ठेवला आहे.

१४ एप्रिल, गुरुवार

अकराही परत आले. ते दोघं अजून माझ्याशी बोलत नाहीत. दोन नंबरचा चिलर बंद आहे. पट्ट्याचं मी साहेबांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कुठून कळलं असं त्यांनी विचारलं, तेव्हा म्हटलं, कान लावून ऐकलं.

१३ मे, शुक्रवार

नसरुद्दीनभाईंना खबर लागली. केरूला आउटपास मिळाला, मंगळवारी मुंबईच्या विमानात बसवला. पुन्हा या देशात येता येणार नाही म्हणून बोटांचे ठसे घेतले. त्याने दहाही बोटं दिली म्हणे, त्यांना फक्त अंगठे हवे होते.

१६ जून, गुरुवार

मी पुन्हा टाइमकीपर झालो. सरकारी कामाला केरळचा नवा मुलगा आला आहे, चाक नसलेली खुर्ची त्याच्याकडे गेली. ऑगस्टची रजा साहेबांनी डिसेंबरवर टाकली. डिसेंबरचं त्यांना मी काही विचारलेलं नाही. अनिताला सांगितलंय की यायचं माझं मी बघतो.

दुपारी ऑफिसच्या फोनवर केरू. गुहागरच्या बूथवरून बोलत होता, मागे एस.टी.चा कंडक्टर ओरडत होता.

"गुरुनाथ, शाळा चालू झाली रे. पण अमिताचा दाखला अडलाय. माझं नाव रेशनकार्डातून कापलंय, सहा वर्षं इथे नव्हतो म्हणून. ग्रामसेवक म्हणतो, तू इथलाच आहेस असं तहसीलदारांकडून लिहून आण. तहसीलदार कचेरीतला म्हणतो, ग्रामसेवकाने आधी लिहून द्यावं. काल तिघांनी मला विचारलं, तू राहतोस तरी कुठे?"

मला हसू आवरेना. तोही हसत होता.

"तू सरकारी कामातला माणूस," तो म्हणाला. "काय करू सांग."

मी इकडेतिकडे पाहिलं. साहेबांच्या केबिनचं दार उघडं होतं. मी फोन तोंडाजवळ घेतला. "कोणाला आधी सांगू नकोस. सोमवारी तहसीलदार कचेरी उघडायच्या आत जा आणि तिथल्या त्या माणसाच्या टेबलासमोर बस. सही होईपर्यंत उठू नकोस."

"पोरीला घेऊन बसू?"

"शाळा बुडेल तिची."

"शाळेत घेतच नाहीत ना अजून," केरू म्हणाला. "आणि ती काही केल्या मला सोडून राहत नाही. संडासला गेलो तरी दारात उभी असते, पळून जाईन म्हणून."